चालत्या फेडरची स्मृति



एकादें गाणें लक्षपूर्वक ऐकलें तर असें आढळतें कीं, ध्रुपद संपतांच व्हायोलिनांचा नाद उंचावतो आणि गायिकेचा पुढील शब्द निघण्यापूर्वीं तो पुन्हां मागें सरतो. हा उंचसखलपणा नेहमीं वादकांच्याच हातचा असतो असें नाहीं. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक कंठ फितीच्या निरनिराळ्या मार्गांवर मुद्रित करण्याची रीति रूढ झाल्यापासून त्यांचें परस्परप्रमाण ठरविण्याचें काम ध्वनिमिश्रकाकडे आलें. त्याच्यापुढील मेजावर प्रत्येक मार्गासाठीं एक फेडर असतो. फेडर म्हणजे सुमारें १०० मिलिमीटर लांबीच्या खांचेंत सरकणारी लहानशी मूठ. ती वर नेली कीं आवाज वाढतो, खालीं आणली कीं उतरतो. साधन एवढें साधें. परंतु तें कोणत्या क्षणीं आणि किती वेगानें सरकवावें, यांतच मिश्रकाची विद्या सांठविलेली आहे.

१९७० नंतरच्या दशकांत १६ आणि २४ मार्गांच्या फिती सर्वत्र पसरल्या. मिश्रकाचे हात मात्र दोनच राहिले. अवघड गाण्याच्या वेळीं सहायक आणि वादकही मेजाशीं उभे राहात व प्रत्येकाला आपापले दोनतीन फेडर वांटून दिलेले असत. शेवटच्या कडव्यांत एकाचें बोट चुकलें तर फीत मागें नेऊन पुन्हां आरंभ करावा लागे, किंवा तेवढा तुकडा नव्यानें करून फीत कापून जोडावी लागे. इंग्लंडांतील टेन सीसी या वाद्यवृंदाचें १९७५ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हें गीत स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओंत असेंच सिद्ध झालें. तिघांनीं एकेक स्वर सोळासोळा वेळां गाऊन प्रत्येक स्वराचे ४८ कंठ जमविले. आणि मग वृंदांतील मंडळींनीं फेडर हार्मोनियमच्या पट्ट्यांप्रमाणें योजून त्यांतून स्वरमेळ उभे केले. तेथें मेज हेंच वाद्य झालें. परंतु वाद्याला वादकानें काल काय वाजविलें याची आठवण नसते. मेजालाही ती नव्हती.

ही आठवण मेजाला द्यावी या हेतूनें त्याच दशकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत प्रयत्न सुरू झाले. आवाजाचें प्रमाण विद्युद्दाबानें बदलणारें एक मंडल प्रत्येक मार्गावर बसवावयाचें आणि फेडरच्या स्थितीचे आंकडे त्याच फितीच्या एका मोकळ्या मार्गावर लिहून ठेवावयाचे, अशी ती योजना होती. दुरुस्ती करावयाची झाल्यास एका मार्गावरील आंकडे वाचीत वाचीत ते सुधारून दुसऱ्या मार्गावर लिहावे लागत. यंत्र सर्व फेडरांची क्रमानें विचारपूस करी, आणि त्यांत क्षणाचा कांहीं अंश खर्ची पडे. एका दुरुस्तीनें होणारा उशीर कानाला जाणवत नसे. पण पांचसहा दुरुस्त्यांनंतर हे उशीर एकावर एक सांचत आणि व्हायोलिनें गायिकेच्या शब्दावर पाय देऊं लागत. मिश्रक जितका चोखंदळ, तितकें त्याचें काम अधिक बिघडे.

दुसरी अडचण डोळ्यांची होती. या योजनेंत आवाज बदले, फेडर मात्र जागचा हालत नसे. मूठ खालीं दिसे आणि ध्वनि वर असे. दुरुस्तीसाठीं हात घालावयाचा तर आधीं दिवे पाहून मुठीची जागा आणि आवाजाची पातळी यांचा मेळ घालावा लागे. तो चुकल्यास गाण्यांत एकदम धक्का बसे.

या दोन्ही दोषांवर इंग्लंडांतील नीव्ह कंपनीनें त्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘नेकॅम’ या नांवाचा उपाय काढला, आणि जॉर्ज मार्टिन यांच्या लंडन येथील एअर स्टुडिओनें तो आरंभींच स्वीकारला. प्रत्येक फेडरला लहानशी मोटर जोडलेली. आंकडे गाण्याच्या फितीवर न ठेवतां संगणकाच्या तबकडीवर ठेवलेले. अशा व्यवस्थेंत फितीवर केवळ कालसंकेत असतो: तास, मिनिट, सेकंद आणि चित्रचौकट यांची अखंड मोजणी. मूळची ती दूरचित्रवाणीच्या फिती संपादण्यासाठीं निघाली. फीत कोठूनही सुरू केली तरी संगणक तो आंकडा वाचतो आणि त्या क्षणीं प्रत्येक मूठ कोठें असावी हें पाहून मोटरला आज्ञा देतो. दुरुस्त्या शंभर झाल्या तरी उशीर सांचत नाहीं; कारण प्रत्येक हालचाल मागील हालचालीला नव्हे, तर घड्याळाला बांधलेली असते.

हें घड्याळ किती सूक्ष्म असावें? युरोपांत सेकंदाला २५ चौकटी धरतात. म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु ‘काळ’ किंवा ‘तारा’ या शब्दाचा आरंभ करणारा व्यंजनाचा स्फोट याहूनही अल्पकाळांत होऊन जातो. फेडर तेवढा उशिरा उघडला तर शब्दाचें तोंडच कापलें जातें आणि ऐकणाराला गायिकेचा उच्चारच सदोष भासतो. म्हणून पुढील यंत्रांनीं चौकटीचेही भाग पाडले. आणि ध्वनि संगणकांतच सांठविला जाऊं लागल्यावर सेकंदाच्या ४८,००० व्या अंशापर्यंत वेळ निश्चित करतां येऊं लागली.

मोटर ही मात्र लोखंड आणि तांबें यांचीच राहिली. तिला मूठ एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नेण्यास सेकंदाच्या दशांशाइतका वेळ लागूं शकतो. त्यांत निरोप पोंचविण्याचा वेळ निराळा. १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या मिडी या संकेतपद्धतींत एका फेडरचा एक निरोप तारेवरून जाण्यास सुमारें एक मिलिसेकंद लागतो. आठ फेडर एकाच वेळीं हालवावयाचे तर शेवटच्याला आठ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. यामुळें संगणकाच्या मिश्रणांत एक उलटापालट झाली आहे. पूर्वीं मूठ सरके म्हणून आवाज बदले. आतां आवाज संगणकांत अचूक वेळीं बदलतो आणि मूठ मागाहून सरकून तें केवळ दाखविते.

मग हा चालता फेडर हवाच कशाला? याचें उत्तर बोटांत आहे. मुठीवर धातूचा थर असतो. बोट टेंकतांच यंत्राला स्पर्श कळतो, मोटर सैल पडते आणि हाताला वाट मिळते. या क्षणापासून हाताचें म्हणणें नव्यानें लिहिलें जातें. बोट उचललें कीं एका रीतींत मूठ ठरलेल्या वेळांत हळूहळू जुन्या मार्गावर परतते. दुसऱ्या रीतींत ती जेथें सोडली तेथेंच राहते. कोणती रीति निवडली आहे हें विसरल्यास मात्र अनर्थ ओढवतो: एक शब्द सुधारावयास गेलेला मिश्रक सबंध उरलेलें गाणें पुसून टाकतो.

मनुष्याचा हातही उशिराच चालतो. ऐकून मग हालविणाराला सेकंदाच्या पंचमांशाइतका विलंब लागतोच. म्हणून निष्णात मिश्रक ऐकून हालवीत नाहीं, तो गाणें पाठ करून शब्दाच्या आधीं निघतो. यंत्र त्याचा हा आगाऊ विचार जसाच्या तसा जपून ठेवतें. नवशिक्याचा विलंबही तितक्याच इमानानें जपतें. तो विलंब पडद्यावर रेघ मागें ओढून दूर करतां येतो. पण कोणता शब्द पुढें यावा आणि कोणता मागें राहावा हा निर्णय त्या रेघेंत आधींच असावा लागतो. यंत्र हालचाल लक्षांत ठेवतें, तिचें कारण नव्हे. म्हणून सर्व मुठी आपोआप चालत असतांही जाणता मिश्रक एक बोट गायिकेच्या फेडरवर ठेवूनच बसतो.