भिंतीपलीकडची शाळा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं ते आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. कन्व्हेयन्स झालं, लिफ्ट बदलली, गच्चीची गळती थांबली. मला दहा मिनिटं दिली आहेत, ती मी आपल्या शेजाऱ्यांसाठी वापरणार आहे. शेजारी म्हणजे मागच्या भिंतीपलीकडची महापालिकेची शाळा. बरेच जण मला ‘बाई’ म्हणूनच ओळखता. पालिकेच्या शाळांत मी बत्तीस वर्षं शिकवलं. ही माझी शाळा नव्हती, मी दुसऱ्या वॉर्डात होते. निवृत्त झाल्यावर मात्र आठवड्यातून दोन सकाळी मी तिथे वाचनाचा तास घेते. त्यामुळे तिथली खबरबात माझ्याकडे असते.

आपल्यापैकी बहुतेकांनी ही शाळा आतून पाहिली आहे, पण फक्त मतदानाच्या दिवशी. बोटाला शाई लावून आपण बाहेर पडतो. मतदार यादी घेऊन मागे आपल्या दारात जे बीएलओ आले होते, ते याच शाळेतले गुरुजी. चार मजले चढून आल्यावर ‘नंतर या’ हे वाक्य त्यांनी याच सोसायटीत किती वेळा ऐकलं असेल! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तेच गुरुजी वर्गावर हजर असतात.

आता थोडं पैशांबद्दल बोलू, कारण सोसायटीत पैशांचं बोललं की सगळे जागे होतात. सोसायटीच्या नावे मालमत्ता कराचं बिल येतं ते सेक्रेटरींकडून मागून एकदा वाचा. त्यात जलकर, वृक्ष उपकर यांच्या जोडीला शिक्षणाचे दोन उपकर असतात, एक महापालिकेचा आणि एक राज्याचा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला आहे. पण आपल्यातल्या मोठ्या घरांचे मालक अजून भरतात आणि लहान घरांच्या मालकांनी त्याआधी वर्षानुवर्षं भरलेला आहे. म्हणजे या शाळेत आपली मुलं नसली, तरी तिच्यात आपला पैसा आहे. ज्यात पैसा घातला त्याची चौकशी करायला कुणाची हरकत नसावी.

चौकशी केली तर काय दिसतं? एका इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन माध्यमांचे वर्ग दोन सत्रांत भरतात. आपली महापालिका आठ भाषांतून शिकवते, ही गोष्ट मी परगावी सांगते तेव्हा लोक थक्क होतात. दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून २७ वस्तू मुलांना मोफत मिळतात. दुपारी बचत गटाच्या बायका गरम जेवण घेऊन येतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. आपल्याकडे खिचडी म्हणजे ‘आज कंटाळा आला’. तिथे काही मुलांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं.

पहिलीच्या वर्गात एक मूल घरी भोजपुरी बोलतं, दुसऱ्याच्या घरी कन्नड, तिसऱ्याची आई जालन्याकडची. बाई तिघांना ‘क’ला काना ‘का’ शिकवतात. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेलं कुटुंब मध्येच परत येतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार अशा मुलाला दाखला नाही किंवा उशीर झाला म्हणून परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे त्याला वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायचं. कागदावर ही एक ओळ आहे, वर्गात ते एका बाईचं वर्षभराचं काम असतं.

आनंदाची बातमी सांगते. बी विंगमध्ये तीन घरी काम करणाऱ्या मावशींची नात यंदा पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आली. तिचे गुरुजी शाळा सुटल्यावर तासभर थांबून तिची आणि आणखी चौघांची तयारी करून घ्यायचे. त्याबद्दल कुणी त्यांना जास्तीचा पगार दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही. त्या गुरुजींसाठी आणि नातीसाठी आज या सभागृहात टाळ्या झाल्याच पाहिजेत. (टाळ्या) धन्यवाद. हा आवाज भिंतीपलीकडे गेला असेल.

आता काळजीची बातमी. मराठीच्या पहिलीत यंदा एका बाकावर एकेकच मूल बसलं आहे. जूनमध्ये शिक्षिका वस्तीत घरोघरी फिरल्या, तरी पट भरला नाही. शाळेचं गणित पटावर चालतं. पट बघून शिक्षकांच्या जागा मंजूर होतात. प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक. मुलं कमी झाली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांची दुसरीकडे रवानगी होते. चांगले शिक्षक गेले की उरलेले पालकही मुलांना काढतात. असं करत करत मराठीचे किती वर्ग मिटले, ते मी नोकरीत असताना पाहिलं आहे.

पट कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत, इंग्रजीची ओढ हे त्यातलं मोठं. त्यावर या सभागृहात उपाय निघणार नाही. पण एक कारण आपल्या हातात आहे, आणि त्याची किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली आहे.

आपलं मागचं गेट. सोसायटी झाली तेव्हापासून ते दिवसा उघडं असायचं. वस्तीतली मुलं आपल्या पार्किंगच्या कडेने पाच मिनिटांत शाळेत पोचत. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा गेटला कुलूप लागलं, ते योग्यच होतं. लॉकडाउन उठला, कुलूप तसंच राहिलं. कुठला ठराव नाही, कुणाचा विरोध नाही, राहिलं ते राहिलं. आता ती मुलं मेन रोडने वळसा घालून जातात. तिथे फुटपाथवर गाड्या उभ्या आणि रस्त्यावर डंपर. सहा वर्षांच्या मुलाला तिकडून एकटं कोण पाठवेल? त्याची आई तर सकाळी सातला आपल्याच घरात भांडी घासत असते. मग एक तर मूल घरी राहतं, नाहीतर कर्ज काढून ते व्हॅनवाल्या शाळेत घातलं जातं. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. आपली शाळा नियमात बसते, पण चिमुरड्यांच्या पायांना ती लांब पडते.

मी दोघा-तिघांशी आधी बोलले आहे. दोन हरकती आल्या. एक, सुरक्षा. रास्त आहे. म्हणून गेट दिवसभर नको. दोन्ही सत्रांच्या भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा-अर्धा तास पुरे, आणि तेवढा वेळ तिथे वॉचमन उभा राहील. आम्ही सात ज्येष्ठ नागरिक पाळीपाळीने त्याच्या सोबतीला थांबू. नाहीतरी तेव्हा आमचा चालण्याचाच वेळ असतो.

दुसरी हरकत, ‘उद्या वहिवाट सांगतील.’ वहिवाटीचा कायदा १८८२चा आहे. हक्क म्हणून, उघडपणे, अडथळ्याविना सलग २० वर्षं वापर झाला तर असा हक्क मागता येतो. मालकाच्या परवानगीने झालेल्या वापरातून तो मिळत नाही. तेव्हा परवानगी लेखी देऊ, ती दरवर्षी नवी करू, आणि गेटवर पाटी लावू: ‘ही वाट सोसायटीच्या परवानगीने’. कागद आपल्या वकिलांकडून तपासून घेऊ.

कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच, की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. ‘ऐनवेळचे विषय’ यात टाकू नये, कारण तोपर्यंत सगळे वड्यांकडे वळलेले असतात.

रौप्यमहोत्सवानिमित्त शाळेला संगणक द्यावा, कपाट द्यावं, अशा सूचना आल्या आहेत. जरूर द्या. पण मुख्याध्यापिकांना मी विचारलं, तुम्हाला आमच्याकडून काय हवं? त्या म्हणाल्या, ‘बाई, मुलं वेळेवर पोचू देत, बाकी आम्ही बघतो.’

त्या शाळेतल्या सर्व शिक्षकांचे, शिपाईमामांचे आणि खिचडी आणणाऱ्या ताईंचे सोसायटीच्या वतीने मी मनापासून आभार मानते.