रेंज कोठें गेली?



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, यांपैकीं कोणत्याहि उपनगरांत सायंकाळच्या सुमारास एखाद्या नव्या इमारतीकडे पाहिलें, तर एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. कोणी गृहस्थ जिन्यांत उभे आहेत, कोणी खिडकींतून अर्धेअधिक बाहेर वांकले आहेत, कोणी फाटकाशीं येरझारा घालीत आहेत. प्रत्येकाच्या कानाशीं नवा कोरा स्मार्टफोन, आणि प्रत्येकाच्या मुखीं एकच मंत्र: ‘हॅलो, ऐकूं येतंय का?’ ज्या यंत्रावर सातासमुद्रांपलीकडचीं चित्रें पाहतां येतात, त्याच यंत्रावर स्वतःच्या दिवाणखान्यांत बसून सख्ख्या बहिणीशीं चार वाक्यें धड बोलतां येऊं नयेत, हें मोठें नवल आहे. आपल्या लोकांनीं या दुखण्याला दोनच शब्दांचें नांव दिलें आहे: ‘रेंज नाहीं!’

पहिला संशय अर्थातच यंत्रावर जातो. दुकानदाराला बोल लावला जातो, यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें जातें. क्वचित् दोष यंत्राचा असतोहि. परंतु पुष्कळदां तें बिचारें निरपराधी असतें, आणि खरा अपराधी आपल्या भोंवतीं भिंतीच्या रूपानें उभा असतो.

हें कसें, तें थोडें पाहूं. मोबाइल फोन म्हणजे एक लहानसें रेडिओयंत्रच. तें ऐकतेंहि आणि बोलतेंहि. फरक आहे तो लहरींच्या लांबीचा. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेंकडों मीटर लांब असतात; घरांना आणि टेकड्यांना वळसा घालून त्या पुढें जातात. मोबाइलची 900 मेगाहर्ट्झची लहर फुटाहून किंचित् लांब, आणि 2022 च्या ऑक्टोबरांत आपल्याकडे सुरूं झालेल्या फाइव्ह-जीची 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतली लहर अवघी साडेतीन इंचांची. या पट्ट्यांत माहिती वाहून नेण्यास जागा पुष्कळ, पण अडथळ्यापुढें लहरीचें बळ थोडें. 1895 सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं भिंतीपलीकडे विद्युल्लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. त्याला सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं. आणि आज आम्हांस भिंतीपलीकडचा मनोरा सांपडत नाहीं. मध्यंतरीं विद्या मागें गेली नाहीं; भिंत बदलली.

जुन्या उपनगरांतलीं घरें दोन-तीन मजल्यांचीं असत. त्यांच्या जागीं आतां पुनर्विकासाचे उंच टॉवर उठत आहेत. त्यांत लोखंडी सळ्यांचें जाळें घातलेलें काँक्रीट, आणि उन्हाची तलखी बाहेर राहावी म्हणून पुष्कळ ठिकाणीं धातूचा सूक्ष्म लेप दिलेली कांच. तो लेप उष्णता परतवितो आणि तिच्याबरोबर फोनच्या लहरींनाहि अडवितो. शिवाय नवा टॉवर शेजारच्या बैठ्या घरावर आपली छाया टाकतो. अडलेलें ऊन दिसतें, अडलेली लहर दिसत नाहीं, इतकेंच. त्यांत टेकड्यांची भर. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्यें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा शंभरांहून अधिक चौरस किलोमीटरांचा डोंगराळ प्रदेश पसरला आहे. घाटकोपरास असल्फ्याची वस्ती टेकडीवर चढत गेली आहे. टेकडीच्या आड असलेल्या घराला पलीकडच्या मनोऱ्याचा उपयोग तो काय?

भिंतीखालोखाल गर्दी. मनोऱ्याची झेंप मर्यादित, तशी त्याची ताकदहि मर्यादित. बोरिवलीची जलद लोकल धांवत असतां डब्यांतल्या माणसाचा कॉल एका मनोऱ्यानें दुसऱ्याच्या हातीं सोंपवावयाचा असतो. दुसरा मनोरा आधींच भरलेला असला, किंवा मध्यें एखादा पोकळ पट्टा आला, की वाक्य अर्ध्यावर तुटतें.

मग मनोरे वाढवावे, हा उपाय सरळ दिसतो. परंतु येथें आपलाहि थोडा विचार करावा लागेल. रेंज प्रत्येकाला हवी असते. मनोरा मात्र शेजारच्या गच्चीवर हवा असतो. किरणोत्सर्गाची भीति हें त्याचें कारण. ती भीति हंसण्यावारी नेऊं नये. म्हणूनच आपल्या देशांत 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्यांवरील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणण्यांत आली. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मनोरा दूर गेला, की कानाशीं धरलेला फोन त्याला गांठण्यासाठीं अधिक जोरानें ओरडतो. ज्याला आपण गच्चीवरून हांकललें, त्याचा कांहीं अंश अशा रीतीनें आपल्या कानाशीं येऊन बसतो.

आतां मुख्य गाऱ्हाणें. तुटणारे कॉल शेंकडा दोनांहून अधिक नसावे, असें माप दूरसंचार नियामक प्राधिकरणानें घालून दिलें. तुटलेल्या प्रत्येक कॉलबद्दल ग्राहकाला एक रुपया, दिवसाला फार तर तीन, अशी भरपाई 1 जानेवारी 2016 पासून द्यावी, असेंहि त्यानें ठरविलें होतें. तो नियम सर्वोच्च न्यायालयानें 11 मे 2016 रोजीं रद्द केला. रुपयाचें दुःख कोणी फारसें केलें नाहीं. परंतु सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. शंभरांत दोन कॉल तुटतात, याचा अर्थ शंभर माणसांनीं तें दुःख वांटून घेतलें असा होत नाहीं. रस्त्यावरच्या माणसाचा कॉल कधींच तुटत नाहीं; तळमजल्यावरच्या मागल्या खोलींत अंथरुणास खिळलेल्या आजीचा रोज तुटतो. कागदावर शहर उत्तीर्ण होतें. आजी मुकी राहते.

आणि हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. पुढल्याच वर्षीं 11 जुलैच्या सायंकाळीं पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. दोन्ही वेळां फोन लागेनासे झाले, आणि ‘मी सुखरूप आहें’ एवढे तीन शब्द घरीं पोंचविण्यासाठीं माणसें तासन् तास तळमळलीं. त्या काळीं पुष्कळ घरांत तारेचा फोन तरी होता. आज तोहि बहुतेकांनीं काढून टाकला आहे. डॉक्टर, रुग्णवाहिका, अग्निशामक दल, सारी भिस्त या एका खिशांतल्या यंत्रावर.

तेव्हां करावें काय? घरांत वायफाय असेल तर त्यावरून कॉल करण्याची सोय बहुतेक नव्या फोनांत आहे. ती चालू करावी, म्हणजे भिंतीचा प्रश्न बराचसा मिटतो. तक्रार एकट्यानें त्रागा करून न करतां साऱ्या सोसायटीनें मिळून, जागा, मजला आणि वेळ नोंदवून लेखी करावी. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर क्रमांक न बदलतां कंपनी बदलण्याचा हक्क 20 जानेवारी 2011 पासून देशभर मिळालेला आहे. पण आधीं त्याच खोलींत शेजाऱ्याचा फोन लावून पाहावा. नाहींतर कंपनी बदलेल आणि भिंत तीच राहील. आणि ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास व्हावयाचा आहे, त्यांनीं करारांत पाण्याची टाकी आणि लिफ्ट यांच्या शेजारीं आणखी एक कलम घालून घ्यावें: इमारतीच्या आंत, तळघरापर्यंत, फोनच्या लहरी पोंचविणाऱ्या यंत्रणेचें. भिंत बांधण्यापूर्वीं हें काम सोपें असतें. बांधल्यावर अवघड होऊन बसतें.

पाणी आलें नाहीं तर आपण सारे एकत्र येऊन विचारतों. आवाज आला नाहीं, तर मात्र प्रत्येकजण एकटाच खिडकींतून वांकतो. ही संवय सुटली पाहिजे. घरांतल्या माणसाची हांक घराबाहेर पोंचणें, ही आतां पाण्याइतकीच सार्वजनिक गरज झाली आहे, आणि ती तशीच मागितली पाहिजे.