पांढऱ्या डोळ्यांची माशी आणि मामाची मुलगी

लिंगसंलग्न, म्हणजे एक्स गुणसूत्रावरचा, अप्रभावी गुण पुढच्या पिढीत कोणाकडे जाईल, हे सांगण्याआधी तो आईकडे आहे की बापाकडे, हे पाहावे लागते. माणसात आणि फळमाशीतही मादीला दोन एक्स गुणसूत्रे असतात. नराला एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स मिळते ते आईचेच. बापाचे एक्स फक्त मुलींकडे जाते. नराजवळ दुसरे एक्स नसल्याने त्याचा दोष झाकला जात नाही.

हे उलगडले १९१० साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. टॉमस हंट मॉर्गन यांनी पांढऱ्या डोळ्यांच्या एका नराचा लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केला. पहिली पिढी जवळजवळ सगळी लाल डोळ्यांची निघाली. दुसऱ्या पिढीत २,४५९ माद्या, सगळ्या लाल. नरांत मात्र १,०११ लाल आणि ७८२ पांढरे. हिशेबाने नर निम्मेनिम्मे हवेत, पण पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या कमी जगतात. त्या नराचा त्याच्याच मुलींशी संकर केला, तेव्हा कुठे पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या दिसल्या.

जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता हा माणसातला असाच दोष. हिवतापाच्या जुन्या पट्ट्यांत तो जास्त आढळतो, आणि आदिलाबादचा उटनूरकडचा जंगलभाग तसाच पट्टा आहे. गोंड समाजात आढळणारा सिकलसेल वेगळा : तो आईबाप दोघांकडून यावा लागतो. जी-सिक्स-पीडीत आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एकाच एक्सवर दोष असेल, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. बापात दोष असेल तर मुली सगळ्या वाहक आणि मुलगे, आई निर्दोष असल्यास, मोकळे.

मामाची मुलगी करण्याची चाल या भागात जुनी आहे. मामात दोष असेल तर त्याची मुलगी वाहक असतेच. भाच्यातही तो दोष असला, तर त्यांच्या प्रत्येक मुलीत तो पूर्णपणे उतरण्याची शक्यता निम्मी. मॉर्गन यांच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माद्यांचीच ही गोष्ट. शिवाय वाहक बाईतही विकर थोडाफार कमी असू शकतो. ‘अप्रभावी’ हा शब्द इथे तंतोतंत लागू पडत नाही.

एरवी अशा माणसाला सहसा काही त्रास नसतो. हिवतापावरच्या प्रायमाक्वीनने मात्र त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. विकराची कमतरता हे त्यामागचे कारण १९५६ मध्ये कळले. गोळ्या चालू असताना लघवी चहासारखी काळपट झाली किंवा डोळे पिवळे पडले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, आणि मामाकडे असे कोणाला झाले होते का, तेही डॉक्टरांना सांगावे.