हरकतीला उत्तर हवे

पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांचा. ती वर्षे सरत आली. नव्या नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधी मागचा नकाशा कसा झाला, ते आठवू या.

2013 साली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि पुणेकरांनी 87 हजारांहून अधिक हरकती-सूचना दाखल केल्या. कुणाचे राहते घर रस्तारुंदीत जात होते, कुणाला वस्तीतले मैदान वाचवायचे होते. लोकांनी कामाचे दिवस मोडून अर्ज लिहिले, सुनावण्यांना आले. नियोजन समितीचे काम झाले, विषय मुख्य सभेपुढे गेला, मुदत टळली. आणि मार्च 2015 मध्ये राज्य सरकारने 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 162 लावून महापालिकेकडून आराखडाच काढून घेतला. विभागीय आयुक्तांच्या समितीने तो नव्याने तपासला. मंजुरी आली जानेवारी 2017 मध्ये.

महापालिकेची वकिली मी करणार नाही. मुदत पाळणे हे तिचेच काम होते. आणि मोक्याच्या जागेवरचे आरक्षण उठवण्याचा मोह मुख्य सभेला होत नाही, असेही नाही. वर कुणीतरी तपासणारे असावे, हे मला मान्य आहे. पण उशीर फक्त महापालिकेतच होतो का? 1997 मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतील टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचे पाहा. 978 हेक्टरांचे ते आरक्षण. महापालिकेने ठराव केला, पुणेकर त्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि सरकारचा निर्णय आला ऑगस्ट 2015 मध्ये. तोवरच्या वर्षांत टेकड्यांचे उतार किती खाल्ले गेले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. महापालिकेचा उशीर झाला तर कलम 162 आहे. मंत्रालयातल्या उशिराचा जाब कुणी विचारायचा?

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पहिलेच नाव नगररचनेचे घातले. मात्र ते अधिकार प्रत्यक्ष द्यायचे की नाही, हे राज्यांच्या विधिमंडळांवर सोडले. म्हणून 2021 साली 23 गावे महापालिकेत आली, तरी त्यांच्या नियोजनाचे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए) देता आले. कचरा आणि पाण्यासाठी त्या गावांना एका दारात जावे लागले, नकाशासाठी दुसऱ्या. पुढे मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. प्रशासकांच्या त्या काळात, आपल्या वॉर्डातल्या आरक्षणाबद्दल ज्याला थांबवून विचारावे, असा माणूसच उरला नव्हता.

अधिकार पुण्यात असावा की मुंबईत, हा वाद चालू राहील. माझा आग्रह साधा आहे. हरकत मान्य झाली किंवा फेटाळली, तर त्या निर्णयाचे कारण हरकत घेणाऱ्याला लेखी मिळावे. आरक्षण महापालिकेने बदलले असो की नगरविकास खात्याने, त्या सर्व्हे नंबरापुढे कारण आणि निर्णय घेणाऱ्याचे पद छापलेले असावे, मराठीत, कुणालाही वाचता येईल असे.

या सभागृहात नगररचनाकार आहेत, वास्तुविशारद आहेत, महापालिकेतले अभियंते आहेत. नव्या आराखड्याच्या फायलीवर तुमच्यापैकी अनेकांची सही होईल. कारण लिहिल्याशिवाय ती सही करू नका, एवढी माझी तुम्हाला विनंती आहे.