आमचीं मतें आणि आमचा उंबरठा
(इचलकरंजी येथील सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



लोकांत फूट किती, हें बाजारगप्पांवरून ठरत नाहीं. मागांच्या एकाच गल्लींत विचारलें तर त्या गल्लीचेंच मत हातीं येतें. म्हणून दिल्लीची ‘लोकनीति’ संस्था मतदारयादींतून ठराविक अंतरानें नांवें काढते व घरोघर जाऊन विचारते.

अमेरिकेंतील प्यू संस्थेनें २०१९-२० मध्यें सुमारें ३०,००० भारतीयांस प्रश्न विचारले. खरा भारतीय होण्यास सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असें शेंकडा ८४ म्हणाले. किती थोर मन! पण बायकांचीं लग्नें जातीबाहेर होऊं न देणें फार महत्त्वाचें, असेंही ६४ म्हणाले. ७० जणांचे बहुतेक वा सारे जिवलग मित्र स्वजातीचेच निघाले. आदर ओठावर, जात उंबरठ्यावर!

पुढारी फूट पाडतात, खरें. पण लांकडाला भेग असेल तेथेंच पाचर शिरते. १९१९ सालीं शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली. १९२० सालीं येथून जवळच, माणगांवच्या परिषदेंत, ते बाबासाहेब आंबेडकरांच्या शेजारीं उभे राहिले. त्यानंतर शंभर वर्षांनीं हा ६४ चा आंकडा!

उद्यां कोणी प्रश्न विचारावयास दारीं आला, तर त्यास शोभेल तें नव्हे, असेल तें सांगा. आणि तो गेल्यावर स्वतःस विचारा : गेल्या वर्षांत परजातीच्या किती घरीं मी जेवलों, आणि माझ्या घरीं किती जेवले?