मार्व्हेलचे संपादक जिम शूटर

संपादकाचें आसन मोठें अवघड असतें. एका बाजूस मालक, दुसऱ्या बाजूस लेखक व चित्रकार, आणि समोर ठरल्या तारखेस अंक मागणारा वाचक. या तिघांचें समाधान करतां करतां संपादकाची कशी ओढाताण होते, हें अमेरिकेंतील जिम शूटर यांच्या चरित्रावरून चांगलें कळून येतें.

शूटर यांचा जन्म १९५१ सालीं पिट्सबर्ग येथें झाला. घरची परिस्थिति ओढगस्तीची होती. तेराव्या वर्षीं त्यांनीं चित्रकथा लिहिण्यास आरंभ केला, आणि १९६६ सालीं डीसी या प्रकाशनसंस्थेनें त्यांच्या कथा छापल्या. शाळकरी मुलाच्या लेखणीचा संसारास हातभार लागला. तेथील संपादक मॉर्ट वाइझिंगर अत्यंत कडक होते. शूटर यांनीं धंदा शिकला तो त्यांच्याच हाताखालीं.

१९७८ च्या जानेवारींत शूटर मार्व्हेल या संस्थेचे मुख्य संपादक झाले. त्यापूर्वीं १९७२ पासून पांच संपादक येऊन गेले होते. अंक वेळेवर निघत नसत; पानें भरण्यासाठीं जुन्या कथा पुन्हां छापाव्या लागत. कांहीं लेखक स्वतःचेच संपादक असल्यामुळें त्यांस विचारणारा कोणी नव्हता. शूटर यांनीं ही पद्धत बंद केली, निरनिराळ्या मालिकांवर संपादक नेमले आणि अंकांस वेळेची शिस्त लावली.

याच कारकीर्दींत क्लेअरमाँट व बर्न यांचे ‘एक्स-मेन’, फ्रँक मिलर यांचे ‘डेअरडेव्हिल’ आणि वॉल्ट सायमनसन यांचे ‘थॉर’ हे अंक गाजले. विक्रीच्या नफ्यांत लेखक-चित्रकारांस वांटा मिळूं लागला. १९८२ सालीं ‘एपिक’ ही शाखा निघाली. तींत कथेचे हक्क कर्त्याकडेच राहत. कलावंतांच्या पदरांत चार पैसे अधिक पडले, हें शूटर यांच्या विरोधकांसही नाकारतां येणार नाहीं.

परंतु या शिस्तीस दुसरी बाजू होती. मार्व्ह वुल्फमन व रॉय थॉमस यांच्यासारखे नांवाजलेले लेखक डीसीकडे निघून गेले. १९८० सालीं ‘एक्स-मेन’च्या एका कथेंत नायिकेच्या हातून कोट्यवधि जीवांचें जग नष्ट होतें, तरीही शेवटीं ती जिवंत राहावी, अशी मूळ योजना होती. एवढ्या अपराधास एवढी अल्प शिक्षा शूटर यांस मान्य झाली नाहीं. तयार चित्रें बदलावीं लागलीं आणि नायिका मेली. तो अंक अजरामर झाला. मात्र आपल्या कथेचा शेवट दुसऱ्यानें ठरविला, हें शल्य कर्त्यांच्या मनांत राहिलें.

१९८६ सालीं शूटर यांनीं ‘न्यू युनिव्हर्स’ ही नवी मालिका काढली. तिला अपेक्षित यश आलें नाहीं. त्याच वर्षीं मार्व्हेलची मालकी न्यू वर्ल्ड या चित्रपटसंस्थेकडे गेली. आंत सहकारी दुरावलेले आणि वर मालक नवे, अशा स्थितींत १९८७ च्या एप्रिलमध्यें शूटर यांस काढून टाकण्यांत आलें. कांहीं जुन्या सहकाऱ्यांनीं तर त्यांचा पुतळाही जाळला!

पुढें १९८९ सालीं शूटर यांनीं ‘व्हॅलियंट’ ही संस्था उभारली. १९९२ सालीं तीही त्यांस सोडावी लागली. २०२५ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांचे गुण सांगणारे आणि दोष सांगणारे, दोन्ही पक्ष पुढें आले. दोघांचेंही म्हणणें खरें होतें. ज्या करारी स्वभावानें त्यांनीं विस्कटलेलें घर सावरलें, त्याच स्वभावामुळें त्या घरांत त्यांस परकें व्हावें लागलें.