पडायचं, पण कुशीवर

(गणेशोत्सवातील महिला सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात मोदक वळायचं काम चालू असतं. गर्भार सून मदतीला येते आणि सासूबाई म्हणतात, "तू जरा जाऊन पड बघू." आम्ही दोघी, एक प्रसूतितज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट, हे घरोघरी ऐकतो. त्यातली माया खरी. पण पडायचं कसं, ते कुणी सांगत नाही.

बऱ्हाणपुरात बाळंतपणाची धास्ती जुनी आहे. १६३१ साली मुमताजमहल १४ व्या बाळंतपणात इथंच गेली. तापीपलीकडे जैनाबादला तिचं पहिलं दफन झालं. म्हणून काय आपल्या लेकी-सुनांनी नऊ महिने अंथरूण धरायचं? तब्येत ठीक असेल तर व्यायाम हवाच. फक्त तो कोणत्या स्थितीत करायचा, ते महिन्यागणिक बदलतं.

पाचव्या महिन्यानंतर गर्भाशय जड होतं. बाई उताणी झोपली की तो भार कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतो. पायांकडून हृदयाकडे येणारं रक्त अडतं, रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. काहींना काहीच जाणवत नाही, तरी बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. ही शीर मध्यापासून थोडी उजवीकडे असते, म्हणून डावी कूस अधिक बरी. रात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर घाबरू नका. कूस बदला आणि झोपा.

आमच्याकडे सातव्या महिन्यातली एक मुलगी आली. मोबाइलवर बघून उताणी झोपून पाय उचलायची आणि तिला गरगरायचं. घरच्यांनी व्यायामच बंद केला होता! तोच व्यायाम आम्ही कुशीवर करून घेतला. गरगरणं थांबलं.

उभं राहण्याचंही तसंच. आरती लांबली की एका जागी खिळून उभं राहू नका, रक्त पायांत साचतं. टाचा उचला, पाय हलवा, नाहीतर सरळ खुर्ची घ्या. साष्टांग नमस्काराची गरज नाही, बाप्पा हात जोडलेलेही चालवून घेतो. चालणं उत्तम: आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा.

पाठ भरून आली तर गुडघे आणि तळवे टेकून ओणवं व्हा, आपल्या आज्या फरशी पुसायच्या तसं. पोटाचा भार पुढे जातो, कंबर सुटते. मनगटं दुखली तर मुठी टेका. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताच्या रेट्यानं बसा; झटक्यात उठू नका.

वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, कळा सुरू झाल्या, तर व्यायाम थांबवून थेट दवाखाना गाठा. बाळाची हालचाल मंदावली तरी तसंच.

आता मागे सतरंजी अंथरली आहे. कुशीवरचे व्यायाम आम्ही करून दाखवतो. सुनांनी यावंच, सासूबाईंनीही यावं. घरी आठवण तुम्हीच करून देणार आहात.